वाकड्या नळीचा हिवाळा

माझ्यासारख्याने लेख लिहावा, हे माझे मलाच पटत नाही. कोलशेतच्या खाडीकाठी आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीवर अक्षर गिरवले नव्हते. मिठागराच्या मुकादमाने कागद पुढे केला की आजोबा अंगठा उठवीत आणि उरलेली शाई घराच्या कुडाला पुसत. कुडावरचे ते निळे ठसे हेच आमच्या घरचे लेखन. त्या घरातला मी, कॉलेजातली परीक्षा अजून पुरती न उतरलेला, आणि वाचकांपुढे चार पाने घेऊन उभा राहतो आहे. धिटाई आहे, हे कळते. शब्द कुठे चुकला तर पदरात घ्यावा. न लिहिता राहवले असते तर राहिलो असतो.

कार्तिक सरत आला आहे. नौपाड्यात मी ज्या खोलीत राहतो, तिच्या शेजारच्या ओसरीवर परीक्षेचे बिऱ्हाड उतरले आहे. मॅट्रिकला बसणारी बाहेरगावची मुले मुंबईला जाण्यापूर्वी इथे आपापल्या आप्तांकडे चार दिवस टेकतात. पहाटेचा गारवा, दवाने ओला झालेला पेंढा, चुलीवर तापणारे पाणी, आणि या सगळ्यांतून येणारा घोकण्याचा आवाज. काल एक मुलगा कांबळे पांघरून, डोळे मिटून, झुलत झुलत म्हणत होता, "हवेस वजन आहे. हवेस वजन आहे. हवेस वजन आहे." मी भाकरीचा घास हातात तसाच धरून बसलो. त्याला जाऊन विचारावेसे वाटले, की बाबा रे, ते तू कधी तोलून पाहिलेस का? पण मी कोण त्याला विचारणारा? आता मी कोणाचा मास्तर नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत मात्र होतो.

माझी प्रकृती बिघडली म्हणून कॉलेजचे एक वर्ष सोडावे लागले होते. तेवढ्यात कल्याणच्या एका शाळेतले शास्त्राचे मास्तर दीर्घ रजेवर गेले आणि बदली माणूस म्हणून मला बोलावणे आले. आगगाडीच्या पुलावरून खाडी ओलांडताना मी मनात एक एक गोष्ट ठरवीत होतो. दुसरा कोणी नोकरीवर जाताना जागेचा, जेवणाचा विचार करील. मी मात्र नवस बोलावा तशी वाक्ये बोलत होतो.

ती वाक्ये आज लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. शाळेत असताना मी स्वतः सगळे शास्त्र घोकून शिकलो. प्राणवायू, नत्रवायू, कर्बवायू ही नावे मला रामरक्षेसारखी पाठ होती आणि त्यांतला एकही कधी डोळ्यांपुढे आला नव्हता. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरांनी काचेच्या घुमटाखाली एक घंटी वाजत ठेवली आणि पंपाने आतली हवा काढीत नेली. घंटीचा ठोका पडताना दिसत होता आणि आवाज मात्र विझत चालला होता. शेवटी ती मुकी झाली. शेजारचे विद्यार्थी टिपण करीत होते. माझ्या डोळ्यांना पाणी आले होते, का ते मला सांगता येणार नाही. इतकी वर्षे मी जे नुसते तोंडाने म्हणत होतो, ते खरे होते! त्या दिवशी ठरले. आपण शास्त्र शिकवायचे. आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचा हात उपकरणाला लागला पाहिजे. पाहिल्याशिवाय कोणी 'आहे' म्हणायचे नाही. मुलाने विचारलेले मला येत नसेल तर 'मला येत नाही' असे उभे राहून सांगायचे. आणि शाळेत अशी एक खोली असावी, की जिच्यात वाण्याचा, भटजीचा, कोळ्याचा, आगऱ्याचा मुलगा एकाच भांड्याभोवती वाकून उभा आहे आणि भांड्यात काय होते याखेरीज कोणाला कशाचे भान नाही.

एवढेच मागणे होते. फार होते का?

शाळेत उपकरणांचे एक कपाट होते. हेडमास्तरांनी किल्ली लावली तेव्हा आतून हळदीकुंकवाचा वास आला. खंडेनवमीला उपकरणे बाहेर काढून त्यांची पूजा करायची आणि शाळाखात्याचे डिप्युटीसाहेब तपासणीला आले म्हणजे पुसून मांडायची, असा रिवाज होता. थर्मामीटरच्या कपाळी कुंकू होते. पंपाच्या नळकांड्यात तर भक्तिभावाने इतक्या अक्षता पडल्या होत्या, की दट्ट्या हलेना. मी तांदूळ काढू लागलो तसे हेडमास्तर म्हणाले, "म्हात्रे, बेताने. गेली कित्येक वर्षे त्यातली एक काच फुटलेली नाही."

"वापरले नाही तर फुटणार कशी, सर?"

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले आणि प्रसन्न हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांना शाळा नीट चालवायची होती, आणि नीट म्हणजे काही न फुटता.

मार्गशीर्षातला तो वर्ग मला अजून जसाच्या तसा दिसतो. खिडकीतून तळ्यावरचे धुके आत येई. डोंबिवलीकडची दोन-तीन मुले रुळांच्या कडेकडेने चालत येत, त्यांची पावले दवाने भिजलेली असत. पहिले काही दिवस मुले हाताची घडी सोडायला तयार नव्हती. थर्मामीटर पुढे केला तर पहिल्या बाकावरच्या वासुदेवाने त्याला नमस्कारच केला. हा वासुदेव गावातल्या मोठ्या वकिलांचा मुलगा, बुद्धीने तल्लख, पाठांतरात पहिला.

"अरे, नमस्कार नको. मुठीत धर."

"फुटला तर, मास्तर?"

"तर मी सांगेन, माझ्या हातून फुटला."

मागून कोणी तरी म्हणाले, "वाशा, धर रे! तुझा ताप तरी कळेल. रोज गणिताच्या तासाला चढतो तो!" वर्ग हसला. पारा वर चढताना पाहून वासुदेव ओरडलाच, "चढला! माझ्याने चढला!" त्या दिवसापासून हाताची घडी सुटली. कॉलेजातल्या घंटीची गोष्ट मी त्यांना सांगितली आणि मुले आपणहून प्रश्न विचारू लागली. एकाने विचारले, हवा जर आपल्याला सगळीकडून दाबते तर दुखत का नाही? मी काही सांगितले. त्याने पुन्हा विचारले. मी म्हणालो, "याच्यापुढे मला येत नाही. शोधतो." मास्तरला येत नाही, हे मास्तराच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकले असावे. मग पाठीमागून हळूच आवाज आला, "मग आम्हाला आलं नाही तर छडी का?"

आणि मग तो वाकड्या नळीचा दिवस.

प्रयोग साधा. टेबलावर पाण्याने भरलेले काचेचे भांडे. खाली स्टुलावर रिकामे भांडे. रबराची नळी वरच्या भांड्यात सोडायची, काठावरून वाकवून खाली आणायची, खालच्या टोकाला तोंड लावून पाणी ओढायचे आणि सोडून द्यायचे. मग पाणी आपले आपण काठापर्यंत वर चढते आणि खाली उतरते, भांडे रिकामे होईपर्यंत थांबत नाही. इंग्रजीत याला सायफन म्हणतात. कॉलेजात प्रोफेसरांनी असाच तोंडाने ओढून दाखवला होता. मीही तसाच दाखवला. नळीचे टोक तोंडात धरले, ओढले, सोडले. पाणी वाहू लागले.

"मास्तर, पाणी वर कसं चढलं? चढावर कोण जातं आपणहून?"

"पंप आहे का आत?"

"मला करू द्या!" "मला आधी!" "तू काल थर्मामीटर धरलास, आता मी!"

मी नळी दिली. बाकेच्या बाके उठून आली. नळी या हातातून त्या हातात, या तोंडातून त्या तोंडात. एकाने इतके जोरात ओढले की पाणी नाकात गेले आणि तो शिंकत खाली बसला, बाकीचे टाळ्या पिटत होते. वासुदेवाने ओढले, सोडले, आणि वाहत्या पाण्याखाली तळहात धरून तो नुसता उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मी ती घंटी पाहिली. होय, कॉलेजातली, मुकी होत गेलेली. मला वाटले, झाले. ज्यासाठी आलो ते झाले. त्या खोलीत त्या वेळी एकालाही कसलेही भान नव्हते, मलाही नव्हते.

एकमेकांचे उष्टे, आणि सर्वांत आधी माझे, आगऱ्याचे. संध्याकाळी मुले घरी गेली आणि आनंदाने त्यांनी सगळे सांगितले. सांगणारच. प्रथमच त्यांच्याकडे शाळेतले सांगण्यासारखे काही होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात इनमीन चार मुले. बाकी बाके रिकामी. हेडमास्तरांनी बोलावले. तिथे वासुदेवाचे वडील बसले होते, शालजोडी पांघरून. शाळेच्या कमिटीत त्यांचा शब्द अखेरचा.

"बसा, मास्तर," ते म्हणाले. "तुमच्यावर माझा राग नाही. मुलगा तुमचं नाव काढतो. पण काल रात्री त्याच्या आजीनं अन्न घेतलं नाही. आज त्याला पंचगव्य दिलं तेव्हा कुठं घोटभर पाणी घेतलं त्यांनी. आता मला सांगा, मी तुमच्या शास्त्राची बाजू घेऊ की आईची?"

मी म्हणालो, "तोंड न लावताही होते, साहेब. नळी पाण्यात पूर्ण बुडवायची, भरू द्यायची, दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबून बाहेर काढायची. मी आत्ता करून दाखवतो." रात्रभर तळमळून मला हे सुचले होते.

"मग काल का नाही केलंत?"

काय सांगणार? आमच्या मिठागरावर उन्हातून आलेली माणसे एका तांब्याला तोंड लावून पाणी पितात. उष्टे हा शब्द मला ठाऊक होता, पण तो माझ्या जिभेवर राहत नव्हता. जे जिभेवर नाही ते ऐन वेळी आठवणार कसे?

वकीलसाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आणि अंगठ्यांनी दाबायची म्हणता. मग पाण्यात अंगठे कोणाचे?"

हेडमास्तर खिडकीबाहेर पाहू लागले.

निर्णय असा झाला, की प्रयोग बंद. आणि शास्त्र हा विषयच शाळेत ठेवावा की काढून टाकावा, याचा विचार तपासणीनंतर कमिटी करील. विषय काढला तर कपाट दुसऱ्या शाळेला देऊन टाकायचे. मला शिक्षा झाली असती तर सोसली असती. पण माझ्या एका दिवसापायी त्या गावातल्या मुलांना, आजच्या आणि पुढच्याही, कधी घंटी मुकी होताना दिसणार नाही, हे माझ्या छातीवर धोंड्यासारखे बसले. तेव्हापासून तो धोंडा उतरलेला नाही.

मी घरोघर गेलो. अंगणात उभा राहून बोललो, ओसरीवर कोणी बोलावले नाही आणि मी चढलो नाही. प्रत्येक मुलाने घरून आपली नळी आणावी, पपईच्या पानाचा देठ चालेल, भोपळ्याचा चालेल. आपले भांडे आणावे. पाणी आपल्या विहिरीचे आणावे. मी दूर उभा राहीन, नुसते तोंडाने सांगेन. एका गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, एवढं सगळं घरून आणायचं तर मुलानं शाळेत यावं कशाला?" घरातल्या बायका आतून हसल्या. मलाही हसू आले असते, इतके ते खरे होते.

एका रविवारी कोलशेतला गेलो. मिठागराचे वाफे तयार करण्याचे दिवस. बा गुडघाभर चिखलात उभा राहून पायांनी वाफा तुडवीत होता. थंडीने त्याच्या पोटऱ्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या. मी बांधावरून सगळे सांगितले. तो तुडवीतच होता.

"त्यांच्या पाया पर," तो म्हणाला.

"बा, पाया पडून विषय राहणार नाही."

"विशय मना ठाव नाय. तू खुर्चीव बसतंस, भटाबामनाची पोरा तुला मास्तर म्हनतान. आमाला यवऱ्यान पोचला." एवढ्यात आम्हाला सगळे मिळाले, असे त्याचे म्हणणे. मग पाय चिखलातून उपसत त्याने विचारले, "पोरांना आवरला व्हता का, तुजा त्यो पानी चरवायचा?"

"खूप आवडले होते, बा."

"मंग?" एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा तुडवू लागला. त्या 'मंग'चा अर्थ मी पुष्कळदा लावून पाहिला. मग आता काय? की मग झाले तर, आणखी काय पाहिजे? बाला मी पुन्हा विचारले नाही. खाडीवरून बोचरा वारा येत होता आणि बांधावर उभ्या असलेल्या माझ्या पायांत बूट होते.

पौषात डिप्युटीसाहेब आले. कपाट उघडले, उपकरणे पुसून टेबलावर मांडली. मुले परत आली होती, हाताची घडी घालून. साहेबांनी विचारले, "हवेस वजन आहे काय?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हवेस वजन आहे." साहेबांनी मान डोलावली. वासुदेवाने मात्र म्हटले नाही. त्याचे ओठ मिटलेले होते आणि तो माझ्याकडे पाहत होता. मी नजर खाली घातली. साहेबांनी शेरा काय दिला, ते मला कळू दिले नाही.

फाल्गुनात रजेवरचे मास्तर परतले, माझी बदली संपली. निघताना मी हेडमास्तरांना म्हणालो, "सर, माझे नाव पुन्हा या शाळेत घेऊ नका. कमिटीला सांगा, चूक त्या म्हात्रेची होती, विषयाची नव्हती. कोणीही आणा. हव्या त्या जातीचा आणा. पण वर्ग राहू द्या."

ते म्हणाले, "तुम्ही लवकर आलात हो, म्हात्रे." मी वेळेच्या आधी शाळेत पोहोचलो होतो असे कोणाला वाटावे, इतक्या सहज ते बोलले.

मी पुन्हा कॉलेजात जाऊ लागलो. पण अभ्यासात जीव नव्हता. कमिटीची बैठक पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. उन्हाळा गेला. पावसाळाभर कल्याणकडून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला मी विचारी, काही ठरले का? कोणाला ठाऊक नसे. एकाने तर विचारले, "कसला वर्ग?" दिव्याच्या काचेवर हात धरला की वाटे, ही ऊब मोजायला आता तिथे कोणी आहे का. प्रोफेसर टेबलावर प्रयोग करीत आणि मला त्यांच्या हातांऐवजी ती रिकामी बाके दिसत. मी इतका निराश झालो होतो, की कधी मनात येई, घोकणेच बरे. घोकणाऱ्याचे काही जात नाही, त्याचे उष्टे कोणाला लागत नाही. मग स्वतःचीच भीती वाटे. पदवी मिळाली तर पुढे मास्तरकीच करायची आहे. पण कोणत्या तोंडाने? ज्याने वर्ग उघडला म्हणून वर्ग बुडाला, त्याला दुसरा वर्ग कोण देईल? आणि दिलाच, तर मी नळी मुलांच्या हातात देईन, की पाठीमागे लपवीन? खरे सांगतो, मला माहीत नाही.

हे सगळे काल सकाळी, भाकरीचा घास हातात असताना, मनात चालले होते. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "म्हात्रे मास्तर इथंच राहतात का?"

वासुदेव होता. उंच झाला होता. मॅट्रिकला बसायला मुंबईला निघालेला, वाटेत आत्याकडे उतरलेला. मी आत ये म्हणालो नाही, त्यानेही पायरीवर पाय ठेवला नाही, तुळशीजवळ उभा राहिला. पण हसला मात्र मोकळा.

"मास्तर, तुम्हाला कळलं का? कमिटीनं ठरवलं. विषय राहिला."

मी उठून उभाच राहिलो. "खरंच? राहिला?"

"राहिला म्हणजे काय! डिप्युटीसाहेबांनी शेराच चांगला दिला होता. वडीलच बोलले बैठकीत विषयाच्या बाजूनं. शास्त्राला आता निराळी खोली दिलीय, मुंबईहून नवी उपकरणं आली. मास्तर सगळे प्रयोग करून दाखवतात. तुमची ती घंटीसुद्धा."

"आणि मुलं? मुलं काय करतात?"

वासुदेव अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"टेबलाच्या पुढं दोरी बांधलीय, मास्तर. आम्ही दोरीच्या अलीकडं बसतो. छान दिसतं तिथून."